चार बोटं कोरी जागा

गल्लीतल्या पोरींची सकाळची शाळा सुरू झाली की माझी झोप उडते. कुणी उठवत नाही. पण साडेसहाला दारावरून पायांचे आवाज जायला लागतात, कंपासपेटीत पट्टी-पेन्सिल खुळखुळते, एखादीची आई मागून हाक मारते की अगं पॅड इसरलीस, आणि मी अंथरुणात उठून बसते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी पहिल्यांदा हात कमरेला जातो, किल्ल्यांचा जुडगा चाचपायला.

मी शाळेत शिपाई होते. आमचे मालक तिथंच शिपाई होते; ते गेले तेव्हा त्यांच्या जागेवर मला घेतलं. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही निपाणीकडच्या खेड्यात, निम्मी कानडीत आणि निम्मी मराठीत. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुडीवर झालं. साखरेची पुडी मोकळी केली की कागद हातानं सपाट करायचा आणि वाचायचा. आता पुडीचा कागद कधी अख्खा असतो का? बातमीचं डोकं असायचं तर पाय नसायचे. मग मी शेवट आपल्या मनानं जोडायची. खून झालेला असला तर खुनी पकडून द्यायची. पोरगी हरवलेली असली तर घरी आणून सोडायची. मला ती सवयच लागली होती. वाचायचं, आणि जिथं फाटलंय तिथं आपण शिवायचं.

ही सवय एका माणसाच्या अन्नावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. तेच लिहायला बसले आहे.

मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडं वर्षाचं सगळं एकदम अंगावर येण्याचा काळ. गुऱ्हाळं बंद व्हायला आलेली, कडुलिंबाचा मोहर व्हरांड्यात सांडलेला, तो झाडून काढावा तर मागं वळेपर्यंत परत तेवढाच. पोरांच्या खिशात कैरी आणि कागदात बांधलेलं तिखट-मीठ. जोतिबाची यात्रा आली की निम्मी शाळा डोंगरावर, आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गुलालाची पावलं. ती पावलं धुताना मला वाईट वाटायचं. शाळेच्या फरशीवर रंग म्हणून तेवढाच.

त्यातच परीक्षा. शाळा सकाळची असायची, साडेअकराला पोरं घरी. मग ती एवढी मोठी इमारत अशी गप्प व्हायची की पत्र्याचा आवाज ऐकू यायचा. तापलेला पत्रा दुपारभर टक् टक् वाजतो. उन्हं कलली की गार होताना परत वाजतो, पण दुसऱ्या तऱ्हेनं, जरा सावकाश. हा फरक मला ठाऊक नव्हता. तो मला सुमनबाईंनी सांगितला. मी घड्याळ बघायला ऑफिसात निघाले की त्या म्हणायच्या, बसा अक्का, पत्रा फिरलाय, चार वाजलं.

मला सगळी शाळा अक्का म्हणायची. नाव गौराक्का, पण पोरांना एवढं लांबलचक कुठलं झेपायला.

सुमनबाई गारगोटीकडच्या. लहानपणी गोवर आला, त्यात दोन्ही डोळे गेले. पुण्याला अंध मुलींच्या शाळेत शिकल्या, बी.ए. झाल्या, बी.एड. झाल्या, आणि एका जूनमध्ये भावाचा हात धरून आमच्या शाळेत हजर झाल्या. ही गोष्ट नव्वद सालाच्या पुढची, नक्की साल मी सांगत बसत नाही. अठ्ठावीसेक वर्षांच्या असतील. इस्त्रीची सुती साडी, घट्ट वेणी, आणि हातात घडी घालता येणारी पांढरी काठी. पहिल्या दिवशी मी सगळी शाळा त्यांना हाताला धरून दाखवली. त्यांनी पायऱ्या मोजल्या, दारं मोजली, पाण्याच्या टाकीपासून सातवीच्या वर्गापर्यंतची पावलं मोजली. दुसऱ्या दिवशी मी हात पुढं केला तर म्हणाल्या, नको अक्का, फक्त कुणी खुर्च्या इकडंतिकडं केल्या तर सांगा. आणि खुर्च्या तर रोज इकडंतिकडं व्हायच्या. सांगायचं काम मला पुरून उरलं.

लोक वाईट नव्हते, हे आधीच सांगते. आमचा स्टाफ म्हणजे कोल्हापूरचा स्टाफ, तोंडानं फाटका आणि मनानं मऊ. पण बाईंशी कसं वागायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चहाचा ट्रे घेऊन गेले की बाई समोर बसलेल्या असायच्या आणि मला विचारलं जायचं, अक्का, त्यास्नी साखर चालती का? मी म्हणायची, हितंच बसल्यात की, विचारा. पी.टी.चे सर तर त्यांच्याशी असे बोलायचे जसं काही त्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या आहेत. एकदा बाईंनी शांतपणे सांगितलं, सर, मला दिसत न्हाय, ऐकू चांगलं येतंय. सगळे हसले, सरही हसले, आणि पुढचं वाक्य त्याच आवाजात ओरडून बोलले.

हजेरीच्या मस्टरवर सही करायला बाईंनी पुठ्ठ्याला एक चौकोनी खिडकी कापून घेतली होती. मी ती खिडकी त्यांच्या नावासमोर धरायची, त्या आत सही करायच्या. सगळ्या मस्टरमध्ये सगळ्यात सरळ सही त्यांची. पाहुणे आले की मोठे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, पाहुण्यांना मुद्दाम बाईंकडं घेऊन यायचे. पाहुणे वर्गाच्या दारात उभे राहून च् च् करायचे, केवढी जिद्द म्हणायचे. बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, देवळात आल्यागत येतात आणि घंटा वाजवून जातात. पोरांना काय येतंय ते एकबी विचारत न्हाय.

आणि त्यात खोटं काही नव्हतं. कौतुक एवढं, पण पहिलं अख्खं वर्ष त्यांना काम काय दिलं, तर परिपाठाची प्रार्थना, गायन आणि गोष्टीचा तास. आवाज गोड होता हे एक निमित्त झालं. शिकल्या होत्या इतिहास आणि भूगोल.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नाइलाजानं सातवीचा भूगोल सुमनबाईंकडं आला. तेव्हा मी व्हरांड्यात मुद्दाम झाडू घेऊन रेंगाळायची. त्यांचा तास ऐकायला मिळायचा ना. त्यांच्या वर्गात बोलायचं तर पोरांनी आधी आपलं नाव सांगायचं, मग उत्तर. फळ्यावर एक पोर लिहायचं आणि खडू वाकडा वाजला की बाई म्हणायच्या, ओळ खाली चालली बघ. पुठ्ठ्यावर त्यांनी मोठा नकाशा केला होता, नद्या सुतळीच्या, डोंगर चिंचोक्यांचे, गावं म्हणजे शर्टाची बटणं. पोरं डोळे मिटून बोटानं कोल्हापुरातून निघायची आणि सुतळीवरून चालत थेट कृष्णेला जाऊन मिळायची. मी सगळी पांगल्यावर एकदा गुपचूप जाऊन बोट फिरवलं. माझं माहेर तिथं नव्हतं, निपाणी नकाशाच्या बाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर त्यांनी कडेला एक बटण वाढवलं.

वार्षिक परीक्षा आली आणि प्रश्न उभा राहिला, सातवीचे भूगोलाचे पेपर तपासणार कोण? मोठे सर म्हणाले, बाई, तुम्ही कशाला त्रास घेता, दुसरे कुणीतरी तपासतील. बाई म्हणाल्या, पोरं मी शिकवली, पेपर मी काढला, तर तपासणार मीच. कुणीतरी वाचून दाखवलं की झालं. सर तयार होईनात. ते काही दुष्ट माणूस नव्हते. पालक येऊन काय विचारतील याची त्यांना भीती होती, एवढंच. शेवटी म्हणाले, ठीक आहे. यंदा तपासा. नंतर गठ्ठा मी स्वतः बघेन. जमलं तर पुढच्या वर्षी विषय तुमच्याकडं. नाही जमलं तर मग गायन, आणि परत हा विषय काढायचा नाही.

म्हणजे बघा, बेचाळीस पेपरांवर बाईंचं सगळं शिक्षण टांगलेलं.

आता वाचून दाखवायचं कुणी? प्रत्येकाकडं स्वतःचे गठ्ठे होते. जो तो मान खाली घालून बसला. मीच म्हटलं, दुपारी मी मोकळीच असती, मी वाचीन. कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, अक्का वाण्याची पुडीसुद्धा वाचल्याबिगर टाकत न्हाईत, चालंल की.

अशा त्या दुपारी सुरू झाल्या. सातवीच्या वर्गात दोन बाकं जोडलेली, माठातलं पाणी, ओल्या फडक्यात झाकलेल्या दोन कैऱ्या, आणि माझ्या हातात लाल पेन. आयुष्यात लाल पेन हातात धरलं ते तेव्हा. बाई ऐकायच्या, आकडा सांगायच्या, मी तो समासात लिहायची, आणि त्या आपल्या ब्रेलच्या पाटीवर जाड कागद लावून टोच्यानं टिक टिक करत ठिपक्यांत टिपून ठेवायच्या. जुन्या कॅलेंडरचे कागद वापरायच्या त्यासाठी. एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली होती, वरचं नाव वाचायचं न्हाय. कोण कुणाचं पोर ते मला कळायला नको. मी नाव वाचलं नाही. पण मला दिसत होतं ना. आणि मी तर त्या पोरांना पहिलीपासून ओळखत होते, कुणाच्या घरी काय शिजतं आणि काय शिजत नाही तेसुद्धा.

एक प्रश्न होता, तुमच्या परिसरातल्या नदीची माहिती लिहा. मी लग्न होऊन आले ती पंचगंगेच्या घाटाजवळ. आमच्या सासूबाई पाण्यात उतरताना पाचही नद्यांची नावं घ्यायच्या, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती, एका दमात. माझ्याही जिभेवर ती तशीच बसलेली. एका पेपरात लिहिलं होतं, पंचगंगा ही नदी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. आणि तिथंच संपलं होतं. खाली कोरी जागा. माझ्या तोंडून सरस्वती बाहेर पडली, आणि पाठोपाठ 'या पाच नद्या मिळून तयार होते' हेसुद्धा. बाई म्हणाल्या, छान, पाचपैकी पाच.

माझ्या ध्यानात आलं. पेन कागदावर टेकलेलं होतं. वर नाव रूपालीचं. हुपरीची पोरगी, आईबाप गेलेले, इथं मामाकडं राहायची. मामा चांदीच्या पैंजणांचं काम करायचा, घरात सगळ्यांनाच करायला लावायचा, तिलाही. मी पाच लिहिलं.

पहिली नदी चुकून वाहिली, असं मी म्हणू शकते. पुढच्या मी सोडल्या. एकानं नदीचा उपयोग म्हणून लिहिलं होतं, नदीत म्हशी धुतात. बस्स. मी त्याला शेतीला पाणी दिलं, पिण्याला दिलं, कारखान्यालाही दिलं. चार दिवसांत दहा-बारा पेपर मी असे शिवले असतील. आणि खरं सांगू, मला फार आनंद होत होता. पोरांचं भलं, बाईंचंही भलं, वर्ग चांगला पास झाला तर बाईंचंच नाव होणार. संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःशी हसायची.

गठ्ठा मोठ्या सरांकडं गेला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन निघाले, तर दाराशीच सरांचा आवाज आला. आत बाई होत्या, पी.टी.चे सर कसल्यातरी सहीसाठी बसले होते. मोठे सर म्हणत होते, बाई, या मुलीनं चारच नद्या लिहिल्यात, पुढं जागा कोरी आहे, तुम्ही पाचपैकी पाच दिलेत. आणि हा मुलगा, म्हशींवर एक वाक्य, त्याला तीन. असे मला सहज चाळताना सात सापडले.

 पदराच्या काठावर बाईंची बोटं नेहमी हलायची, ती थांबली.

पी.टी.चे सर म्हणाले, "मी म्हणतच हुतो न्हवं. गाणं बरं असतंय, गाण्याला पेपर नसतो."

बाईंनी मान वळवली, बरोबर दाराकडं. माझ्या किल्ल्यांचा आवाज त्यांना पाठ होता. मी तिथं उभी आहे हे त्यांना कळलं होतं, आणि काय झालंय तेही त्या एका क्षणात कळलं होतं. मला वाटलं आता नाव घेतील. त्या सरांकडं तोंड फिरवून म्हणाल्या, "मार्क मी दिलेत सर. जबाबदारी माझी."

 घरात दोन पोरं होती माझी, आणि ही नोकरी मालकांच्या जाण्यानं मिळालेली, म्हणजे किती महाग पडलेली ते मीच जाणे. चहा ठेवून निघून गेले असते तर कुणी विचारणार नव्हतं. उलट सगळ्यांना सोपं झालं असतं. आंधळ्या बाईनं आंधळा कारभार केला, असं म्हणून विषय मिटला असता. हे वाक्य माझ्या मनात आलं आणि मलाच माझी लाज वाटली.

मी आत गेले. ट्रे टेबलावर ठेवला. म्हटलं, "मोठं सर, पोरांनी लिवलं न्हवतं ते मी वाचलं. बाईंनी ऐकलं तसं मार्क दिलं."

 सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "गौराबाई, तुम्हाला वाचायला सांगितलं होतं. लिहायला नाही."

मला खूप बोलले. बोलायलाच हवं होतं. मी खाली बघत उभी राहिले. शेवटी म्हणाले, आता हे सगळे पेपर दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेतो. तेव्हा बाई पहिल्यांदा खुर्चीवरून उठल्या. दोन दुपार मागितल्या. मी परत तपासते, म्हणाल्या. सर म्हणाले, वाचणार कोण? बाई म्हणाल्या, अक्काच.

"परत त्याच?"

"व्हय सर. त्यांचं कुठं चुकतं ते मला आता ठाऊक झालंय. नवा माणूस आला तर त्याची चूक मला नव्यानं शोधावी लागंल."

मोठ्या सरांनी गठ्ठा बाईंकडं सरकवला. पी.टी.चे सर चहाचा कप उचलून गप्प प्यायला लागले.

त्या दुपारी मी वर्गात गेले. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. पाटी समोर, कागद लावलेला. मी काही बोलायच्या आतच त्या बोलायला लागल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट.

म्हणाल्या, "लहानपणापासनं मला सगळे चांगलंच वाचून दाखवत आल्यात, अक्का. घरचं पत्र आलं की दुःखाची ओळ गाळतात. साडी विटली तरी नवीच हाय म्हणतात. मायेनंच करतात, मी कुणाला वाईट म्हणत न्हाय. पण माझ्याकडं येईस्तवर सगळं जग गुळमाट झालेलं असतंय. शाळेत तरी मला ते नको. पोराचं चुकतंय कुठं तेच ऐकू आलं न्हाय, तर मी शिकवू काय?"

मी रडले. त्या थांबल्या. पाण्याचा तांब्या त्यांनीच चाचपून माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, बसा. पहिला पेपर घ्या.

खरं वाचणं फार अवघड असतं, हे मला त्या दोन दुपारी कळलं. जीभ सारखी पुढं धावायची. जिथं पोरानं अर्ध्यात सोडलंय तिथं आपणही अर्ध्यात सोडायचं म्हणजे पायरी नसलेल्या ठिकाणी पाय टाकल्यासारखं व्हायचं. पहिल्यांदा असं आलं तेव्हा मी नुसतीच गप्प बसले. बाई म्हणाल्या, का थांबलासा? म्हटलं, पुढं काय न्हाय. त्या म्हणाल्या, काय न्हाय म्हणजे किती? मी कागदावर बोटं आडवी ठेवून बघितली आणि म्हटलं, चार बोटं कोरी हाय.

"तसं सांगत जावा. कोरं बी वाचायचं असतंय."

मग मी कोरंही वाचायला लागले. दोन बोटं कोरी. एक ओळ खोडलीय, खालचं दिसतंय, वाचू का? हितं शाई सांडलीय. हितं पेन्सिलनं लिहून पुसलंय. म्हशीवाल्याच्या पेपरात कडेला म्हशीचं चित्र काढलेलं होतं, तेही सांगितलं. बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, ह्याला नदी ठाऊक हाय, पुस्तक ठाऊक न्हाय. आणि मार्क एकच दिला.

रूपालीचा पेपर आला. मी जसाच्या तसा वाचला, चार नद्या आणि खाली चार बोटं कोरी. बाईंनी लगेच आकडा सांगितला नाही. विचारलं, अक्षर कसं हाय? म्हटलं, सुरवातीला बरं हाय, खाली खाली वाकडं होत गेलंय. कुठनं? तिसऱ्या प्रश्नापासनं. बाई टोच्या बोटात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, येत न्हाय म्हणून सोडलेलं न्हवं हे. हात दमलाय हिचा. कोण ही, आता नाव सांगा.

मी सांगितलं. आणि जाऊन रूपालीला घेऊन आले, दोन गल्ल्या पलीकडं तर घर. पोरगी घाबरून दारातच थबकली. बाईंनी तिला जवळ बोलावलं, परीक्षेचं काही विचारलं नाही, नुसता तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. आणि जसा त्या ठिपक्यांचा कागद वाचायच्या तशी तिची बोटं वाचली. एकेक पेर. पैंजणाच्या बारीक कड्या चिमट्यानं जोडून जोडून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला घट्टे पडले होते, मधून चिरा. आम्ही डोळसांनी तो हात सात वर्षं बघितला होता. पाण्याचा पेला त्याच हातात दिला होता मी. कुणाला काही दिसलं नव्हतं.

"पेन धरताना दुखतंय?"

रूपालीनं मान हलवली. मग तिच्या ध्यानात आलं आणि म्हणाली, "रूपाली. व्हय बाई."

नाव सांगून उत्तर द्यायचा वर्गातला नियम तिनं पाळला होता. बाईंनी तिची बोटं अलगद मिटवली.

मार्क मात्र त्यांनी वाढवले नाहीत. चार नद्यांचे जेवढे होते तेवढेच दिले आणि पोरगी पस्तिसाला दोन कमी पडली. दोन मार्कांनी कुणाचं काय जाणार होतं. पण मी तेहतीस लिहिलं. पुढं निकालाच्या मीटिंगमध्ये नियमाप्रमाणं ग्रेस मिळून ती वर गेली. ते नियमानं झालं, माझ्या तोंडानं नाही. आणि त्याच आठवड्यात बाई माझ्याबरोबर तिच्या मामाच्या घरी गेल्या. मामा पाट मांडून म्हणाला, बसा की पावणं. बाई बसल्या आणि त्याचे स्वतःचे हात बघायला मागितले. त्याच्याही बोटांना तसेच घट्टे. मग काय काय बोलणं झालं ते लांबलचक आहे. एवढं ठरलं की शाळा आहे तोवर पोरीच्या उजव्या हाताला काम लावायचं नाही. त्यानं ते पाळलं का, तर बरंचसं पाळलं.

कधीकधी मला वाटतं, मी शिवलेली ती नदी तशीच राहिली असती तर काय झालं असतं? पोरीला पाचपैकी पाच, आणि तिचे हात तसेच चिरत राहिले असते. माया करायची म्हणून आपण किती जणांच्या जखमेवर असा छान कागद चिकटवत असू.

बाईंचा अजून फोन येतो, सणावाराला. परवा सांगत होत्या, आता बोलणारा कॉम्प्युटर घेतलाय. मी विचारलं, चांगला वाचतो का? म्हणाल्या, अगदी कोरडा वाचतो अक्का, एक अक्षर पदरचं घालत न्हाय. माझ्यावर टोमणा होता तो. मी म्हटलं, मग कैरी कापून देतो का तो? त्यावर दोघी इतक्या हसलो की सुनेनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं.

पण त्या वर्षीचं राहिलं. तपासलेला गठ्ठा परत मोठ्या सरांकडं गेला. या वेळी त्यांनी सगळेच्या सगळे पेपर बघितले, दार लावून. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळलं नाही. कुणी विचारलंही नाही. स्टाफरूममध्ये त्या दिवसांत बाई आल्या की बोलणं जरा हळू व्हायचं. पी.टी.चे सरसुद्धा हळू बोलायचे, एवढ्यावरून काय ते समजा.

निकालाच्या दिवशी पोरं, पालक, पेढे, रडारड सगळं उरकलं. सगळे गेल्यावर सरांनी मला एक कागद दिला, फळ्यावर लावा म्हणाले. पुढच्या वर्षीची कामाची वाटणी. मी टाचण्या घेऊन व्हरांड्यातल्या फळ्याशी गेले तर मागून काठीचा आवाज. बाई. घरी जायला निघालेल्या, खांद्याला पिशवी. त्यांना टाचण्यांचा आवाज आला असेल.

म्हणाल्या, "वाटणी हाय न्हवं? वाचा की."

मी त्यांचं नाव शोधलं. परिपाठ. गायन. पुढं पाचवी ब, भूगोल. मी सातवीच्या ओळीवर गेले. तिथं दुसऱ्या बाईंचं नाव होतं, ज्या बाळंतपणाहून परत येणार होत्या. खरं सांगते, माझ्या तोंडात गोड वाक्य तयार होतं. नुसतं भूगोल म्हटलं असतं, वर्ग कुठला ते नंतर कळलं असतं जूनमध्ये. सगळ्या सुट्टीत बाईंना बरं वाटलं असतं.

मी वाचलं. परिपाठ. गायन. पाचवी ब, भूगोल.

"आणि सातवी?"

"सातवीला दुसऱ्यांचं नाव हाय, बाई."

त्यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, माझ्या नावापुढं आणि काय हाय? अगदी शेवटपर्यंत वाचा. मी म्हटलं, काय न्हाय. आणि मग मला दिसलं. टाइप केलेल्या ओळीच्या शेवटाला सरांनी स्वतःच्या बारीक अक्षरात, पेनानं, काहीतरी लिहिलं होतं. इतर कुणाच्याच नावापुढं तसं नव्हतं. मी कागदाला नाक लावून वाचलं, एकदा मनात आणि मग मोठ्यानं.

"पेपरतपासणी स्वतः करतील."

बाईंनी हात वर केला. मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. गुळगुळीत कागद, बोटाला काय लागणार? तरी त्यांनी ते तिथं बराच वेळ टेकवून ठेवलं, आणि मग खाली घेतलं.

"पाचवी ब मध्ये पोरं किती?"

"अडतीस."

"बारकी असत्यात पाचवीतली. लय कोरं ठेवतात," त्या म्हणाल्या. काठीची घडी मोकळी केली, दोन पायऱ्या उतरल्या आणि मागं न वळता म्हणाल्या, "पुढच्या मार्चात दुपारचं कुठं जाऊ नकासा, अक्का."